परतीची दोरी : तांत्रिक स्कूबामधील प्रशिक्षण, धोका आणि जबाबदारी

मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शतकानुशतके एका साध्या पद्धतीने काम करीत आले. पाणबुड्या जड दगडाच्या साहाय्याने तळाशी उतरे, एका श्वासात जमतील तितके शिंपले गोळा करी आणि दोरीला हिसका देई. वर होडीत त्याचा साथीदार ती दोरी हातात धरून बसलेला असे. हिसका जाणवताच तो त्याला वर ओढून घेई. पाण्याखाली गेलेल्या माणसाचा जीव अशा रीतीने दोघांच्या हाती असे. एकोणिसाव्या शतकात धातूचे शिरस्त्राण आणि नळीवाटे हवा पुरवणारा पंप आला, तेव्हाही ही व्यवस्था मुळात बदलली नाही. नळी, दोरी आणि ती सांभाळणारी माणसे पृष्ठभागावर होतीच.

१९४३ साली फ्रेंच नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ हे साधन सिद्ध केले आणि ही दोरी सुटली. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा, सभोवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल तितक्याच दाबाने आणि केवळ श्वास घेतला जाईल त्याच क्षणी पुरवणारी झडप, हे या साधनाचे मर्म होय. पाण्याखाली वापरण्याच्या अशा स्वयंपूर्ण श्वसनसाधनास पुढे ‘स्कूबा’ हे नाव रूढ झाले. माणूस पाण्यात मोकळेपणाने हिंडू-फिरू लागला. परंतु या स्वातंत्र्याबरोबर एक भारही त्याच्याकडे आला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आता कोणी नव्हते. हवा किती उरली, वेळ किती झाला, परत केव्हा फिरायचे, हे सर्व पाण्याखालच्या माणसानेच ठरवायचे होते.

हा भार सर्वांत अधिक जाणवतो तो तांत्रिक स्कूबा या प्रकारात. त्यात कोणते धोके असतात, प्रशिक्षणाने त्यांतील कोणते कमी होतात आणि उरलेल्या धोक्यांची जबाबदारी कोणी घ्यायची, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साधी बुडी आणि तांत्रिक बुडी

अंदमान, लक्षद्वीप, पुदुच्चेरी किंवा सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्ली येथे अनेक पर्यटक प्रशिक्षकाच्या सोबतीने काही मीटर खोल उतरून प्रवाळ आणि मासे पाहून येतात. रीतसर शिक्षण घेतलेला हौशी पाणबुड्या याहून पुढे जातो. तथापि त्याच्यासाठीही सुमारे ४० मीटर ही खोलीची कमाल मर्यादा मानली जाते. या मर्यादेमागे एक गृहीत आहे. काहीही बिघडले, तरी सरळ वर येण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे. साध्या बुडीत पृष्ठभाग हाच प्रत्येक संकटावरचा अखेरचा उपाय असतो.

तांत्रिक बुडीत हे गृहीत नाहीसे होते. पाणबुड्या जलमग्न गुहेत शिरला, की त्याच्या डोक्यावर दगडाचे छत येते. बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरला, की पोलादाचे छत येते. आणि तो फार खोल किंवा फार वेळ राहिला, तर वरचे पाणी मोकळे असूनही त्याच्या शरीरात साठलेल्या वायूमुळे एक अदृश्य छत निर्माण होते. या तिन्ही प्रसंगी वर धाव घेणे म्हणजे सुटका नव्हे. प्रत्येक अडचण आहे त्या खोलीवर, आहे त्या साधनांनी सोडवावी लागते. ‘तांत्रिक’ हे नाव १९९०च्या सुमारास अमेरिकन पत्रकार मायकेल मेंदूनो यांनी प्रचारात आणले. पण अशा बुड्या त्यापूर्वीही होत होत्या आणि त्यांत माणसे मृत्युमुखीही पडत होती.

हवेचा हिशेब

पाण्यात दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका सामान्य दाबाइतका, म्हणजे सुमारे एक बार, दाब वाढतो. पृष्ठभागावर तो एक बार असतो. १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार आणि ४० मीटरवर पाच बार होतो. झडप सभोवतालच्या दाबाने हवा देत असल्यामुळे ४० मीटरवरच्या एका श्वासात पृष्ठभागावरच्या पाच श्वासांइतकी हवा खर्च होते.

बारा लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला, तर त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला सुमारे २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. पण ४० मीटरवर केवळ २४ मिनिटे. घाबरलेल्या किंवा जोराने हातपाय मारणाऱ्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो. मग त्या २४ मिनिटांची बारा होतात. भीतीही हवा खाते, हे प्रत्येक विद्यार्थ्यास आरंभीच समजून घ्यावे लागते.

अदृश्य छत

द्रवात किती वायू विरघळतो, ते त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ साली दाखवून दिले. वाढत्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत राहतो. दाब सावकाश कमी झाला, तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. दाब एकाएकी उतरला, तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर दिसतात तसे बुडबुडे शरीरात तयार होतात. सांधे दुखणे, पक्षाघात आणि कधी मृत्यू, हे त्याचे परिणाम होत. नदीच्या तळाशी दाबाखालील हवेच्या पेट्यांत काम करणाऱ्या मजुरांमध्ये ही व्याधी प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसून आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग यांना १८७२ साली तिनेच जर्जर केले. हे बुडबुडे नायट्रोजनचे असतात, हे पॉल बेर यांनी १८७८ साली सिद्ध केले, आणि १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली.

आज मनगटावरचा लहानसा संगणक हे गणित करतो. परंतु तत्त्व तेच आहे. साठ मीटरवर वीस-पंचवीस मिनिटे घालवणाऱ्यास वर येताना ठरावीक खोलीवर थांबत तासाभराहून अधिक काळ काढावा लागू शकतो. या काळात त्याला थंडी वाजो, तहान लागो की मन अस्वस्थ होवो, वर जाण्याची मुभा नसते. म्हणून तळाशी घालवलेले प्रत्येक मिनिट हे पुढे फेडावयाचे ऋण असते. ते फेडण्यापुरता वायू जवळ आहे की नाही, हे उतरण्यापूर्वीच पाहावे लागते.

एकच वायू, कधी पोषक, कधी घातक

सुमारे ३० मीटरपासून पुढे दाबाखालील नायट्रोजन मेंदूवर मद्यासारखा परिणाम करू लागतो. माणसाला आपण उत्तम स्थितीत आहोत असे वाटते. त्याची विचारशक्ती मात्र मंदावलेली असते. कुस्तो यांचे सहकारी मोरिस फार्ग यांनी १९४७ साली साध्या हवेवर सुमारे १२० मीटर खोली गाठली. तेथे दोरीला बांधलेल्या पाटीवर त्यांनी सही केली; पण त्यांना वर ओढून घेतले तेव्हा श्वासनळी तोंडातून सुटलेली होती आणि प्राण गेलेला होता.

या गुंगीवर उपाय म्हणून नायट्रोजनच्या जागी हीलियम वापरला जातो. अमेरिकेतील मॅक्स नोल यांनी हीलियमयुक्त मिश्रणाच्या साहाय्याने १९३७ साली मिशिगन सरोवरात सुमारे १२८ मीटर खोली गाठली होती. आजचा तांत्रिक पाणबुड्या ऑक्सिजन, हीलियम आणि नायट्रोजन यांचे मिश्रण खोल पाण्यात वापरतो आणि वर येताना शरीरातील वायू लवकर बाहेर पडावा म्हणून अधिकाधिक ऑक्सिजन असलेले मिश्रण घेतो. त्यासाठी तो एकाहून अधिक सिलिंडर बरोबर नेतो.

येथे एक नवा धोका उभा राहतो. जीवनदायी ऑक्सिजन अधिक दाबाखाली विषारी ठरतो आणि अपस्मारासारखे झटके आणतो. पाण्याखाली झटका येणे म्हणजे बहुधा बुडून मरणे. म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाब पोहत असताना १.४ बार आणि थांब्यावर १.६ बार याहून अधिक होऊ देऊ नये, असा दंडक आहे. या हिशेबाने शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपर्यंतच वापरता येतो. तोच ४० मीटरवर चुकून तोंडी लागला, तर आंशिक दाब ५ बार होतो. उलट, खोल पाण्यासाठी तयार केलेल्या, केवळ १० टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणावर पृष्ठभागाजवळ माणसाची शुद्ध हरपते. बाहेरून दोन्ही सिलिंडर सारखेच दिसतात, आणि त्यांतील वायूंना रंगही नसतो, वासही नसतो.

म्हणून तांत्रिक शिक्षणातील एक नियम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. वायू कोणीही भरलेला असो, त्याचे पृथक्करण वापरणाऱ्याने स्वतः, स्वतःच्या हाताने मापकावर करावयाचे. ऑक्सिजनचे प्रमाण आणि कमाल खोली सिलिंडरवर ठळक अंकांत लिहून त्याखाली सही करावयाची. पाण्याखाली सिलिंडर बदलताना खोली पाहावयाची, चिठ्ठी वाचावयाची, नळी बोटांनी शेवटपर्यंत चाचपावयाची आणि साथीदाराने ते पाहून संमती द्यावयाची. भरणारा माणूस विश्वासू आहे, हे येथे पुरेसे उत्तर नाही.

दुसऱ्यावर सोपवलेली खात्री किती महागात पडू शकते, याचा अनुभव खुद्द कुस्तो यांनी घेतला होता. १९४६ साली ते आणि फ्रेदेरिक द्युमा फ्रान्समधील व्होक्लूझच्या खोल झऱ्यात उतरले आणि दोघांनाही विलक्षण गुंगी आली. वर दोरी धरणाऱ्याला त्यांचे संकेत नीट कळेनात. दोघे थोडक्यात वाचले. नंतरच्या तपासणीत आढळले, की हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःच्याच धुरातील कार्बन मोनॉक्साइड ओढून सिलिंडरमध्ये भरला होता.

अपघातांतून उभे राहिलेले नियम

तांत्रिक बुडीचे बरेचसे नियम गुहांमध्ये जन्मले. इंग्लंडमध्ये ग्रॅहम बाल्कोम आणि जॅक शेपर्ड यांनी १९३५ साली वूकी होल या गुहेत पाण्याखालून मार्ग काढला, आणि १९४६ साली बाल्कोम यांच्या पुढाकाराने तेथे गुहा-पाणबुड्यांची संघटना स्थापन झाली. परंतु नियमांची सर्वांत कठोर शाळा ठरली ती अमेरिकेतील फ्लोरिडा. तेथील चुनखडकात असंख्य झरे आणि मैलोगणती पसरलेल्या जलमग्न गुहा आहेत. पाणी काचेसारखे स्वच्छ असल्यामुळे समुद्रात पोहणाऱ्यांना तेथे निर्धास्त वाटे. ते आत शिरत. पायांच्या वल्ह्यांनी तळाची बारीक माती उसळे आणि काही क्षणांत समोरचा हातही दिसेनासा होई. बाहेरची वाट केवळ पन्नास पावलांवर असताना माणसे ती न सापडल्यामुळे मृत्युमुखी पडत.

शेक एक्सली हे फ्लोरिडातील गणिताचे शिक्षक आणि त्या काळातील सर्वांत अनुभवी गुहा-पाणबुडे होते. त्यांनी या अपघातांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९७९ साली एक छोटेखानी पुस्तिका प्रसिद्ध केली. मृतांना दोष देऊन मोकळे न होता कोणती एक गोष्ट केली असती तर तो माणूस जगला असता, असा प्रश्न त्यांनी प्रत्येक प्रसंगी विचारला. उत्तरांत फार विविधता नव्हती. बहुतेकांनी बाहेरपर्यंत अखंड दोरी लावलेली नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती किंवा मर्यादेपेक्षा खोल गेले होते. पुढे त्यांत आणखी दोन गोष्टींची भर पडली : गुहेचे विशेष शिक्षण आणि प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे. या पाच गोष्टी आजही प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाठ करून घेतल्या जातात.

मृतांमध्ये नवशिक्यांबरोबर समुद्रातील बुडीचे प्रशिक्षकही होते, ही बाब विशेष बोलकी आहे. एका क्षेत्रातील कौशल्याने दुसऱ्या क्षेत्रात खोटा आत्मविश्वास दिला होता. फ्लोरिडातील अनेक गुहांच्या तोंडाशी आज मृत्यूचे चित्र रंगवलेली पाटी आहे. प्रशिक्षकही येथे मेले आहेत, गुहेचे शिक्षण नसेल तर पुढे जाऊ नका, असे ती बजावते.

हवेविषयीचा नियम ‘तिसऱ्या हिश्श्याचा नियम’ म्हणून ओळखला जातो. जवळच्या हवेचा एक हिस्सा आत जाण्यासाठी, एक बाहेर येण्यासाठी आणि एक राखीव. तो ऐकताना फार उदार वाटतो. प्रत्यक्षात तसा नाही. समजा, दोघांनी प्रत्येकी २,४०० लिटर हवा घेतली आणि आत जाण्यात प्रत्येकी ८०० लिटर वापरली. अगदी टोकाला पोहोचताच एकाचा पुरवठा पूर्णपणे बंद पडला. दुसऱ्याजवळ १,६०० लिटर आहेत. दोघांना बाहेर येण्यासाठी प्रत्येकी ८००, म्हणजे एकूण १,६०० लिटर लागतील. हिशेब नेमका शून्यावर येऊन थांबतो. त्यात घाबरून वाढलेल्या श्वासासाठी, गढूळ पाण्यात मंदावलेल्या गतीसाठी, दोरी शोधण्यात गेलेल्या एका मिनिटासाठी जागाच नाही. म्हणून हा हिस्सा म्हणजे मुभा नसून अखेरची सीमा आहे, हे जाणणारे पाणबुडे त्याच्याही अलीकडेच परत फिरतात.

राखीव हिश्श्याचा आणखी एक अर्थ आहे. तो स्वतःसाठी नसतो, साथीदारासाठी असतो. तो वापरून थोडे पुढे जाणारा माणूस दुसऱ्याच्या प्राणांतून खर्च करीत असतो.

प्रशिक्षण काय देते, काय देत नाही

तांत्रिक शिक्षण पायऱ्यांनी दिले जाते. साध्या बुडीचा पुरेसा अनुभव आल्यावर वेगळ्या मिश्रणांचा वापर, नंतर थांबे घेत वर येण्याची पद्धत, पुढे हीलियमयुक्त मिश्रणे असा क्रम असतो. साधारणतः ४५, ६० आणि १०० मीटर अशा खोलीच्या मर्यादा त्या त्या पायरीला जोडलेल्या असतात. विद्यार्थी डोळे झाकून दोरीच्या स्पर्शाने बाहेर येण्याचा सराव करतो. पाठीमागच्या गळक्या झडपा न पाहता बंद करतो. सुमारे दोन मीटर लांब नळीने साथीदारास वायू देत अरुंद वाटेतून त्याच्यासह पोहतो. मुखवटा काढून, दिवा विझवून हेच पुन्हा पुन्हा करतो.

या पुनरावृत्तीचा हेतू चातुर्य दाखवणे हा नव्हे. संकटात विचारशक्ती सर्वांत आधी क्षीण होते. अशा वेळी हातांना जे पाठ असेल तेवढेच माणसाजवळ उरते. एखादे कौशल्य एकदा जमले आणि ते अंगवळणी पडले, यांत फार अंतर आहे. आणि सराव सुटला, की अंगवळणी पडलेलेही विसरते. प्रमाणपत्र मात्र तसेच राहते. अमुक दिवशी, अमुक परिस्थितीत, शिक्षकाच्या देखत या व्यक्तीने ठरलेली कामे नीट केली, एवढेच ते सांगते. आज ती व्यक्ती थकलेली आहे काय, वर्षभर पाण्यात उतरलेली नाही काय, याविषयी ते मौन पाळते.

शिस्तीचे फळ काय असते, हे २०१८ साली जगाने पाहिले. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत अडकलेली बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक यांना शोधून काढणारे रिक स्टॅंटन आणि जॉन व्होलॅन्थन हे व्यवसायाने पाणबुडे नव्हते. एक निवृत्त अग्निशामक, तर दुसरा संगणक क्षेत्रातला सल्लागार होता. छंद म्हणून अनेक वर्षे निष्ठेने जोपासलेले कौशल्य तेथे उपयोगी पडले. त्याच कार्यात समान कुनान हे नौदलाचे माजी जवान ६ जुलै रोजी मृत्यू पावले, हेही विसरता येणार नाही. उत्तम शिक्षण आणि उदात्त हेतू यांनीही धोका शून्य होत नाही.

नियमभंगाची सवय

शिक्षण नसलेल्यांचे अपघात समजण्यास सोपे आहेत. शिक्षण असलेल्यांचे अपघात अधिक विचार करावयास लावतात. १९८६ सालच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांनी एक प्रक्रिया वर्णिली आहे. नियमापासून एकदा थोडे ढळले आणि काही बिघडले नाही, तर ते ढळणेच हळूहळू नेहमीचे होऊन बसते. पाण्याखाली हेच घडते. एकदा तिसरा दिवा न घेता गेले, एकदा पृथक्करण न करता सिलिंडर वापरला, एकदा तिसऱ्या हिश्श्यापलीकडे थोडे गेले, आणि सुखरूप परत आले. वस्तुतः नशिबाने हात दिलेला असतो. माणूस ते आपले कौशल्य समजतो.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात १९९१ साली दुसऱ्या महायुद्धातील एक जर्मन पाणबुडी तळाशी सापडली. १९९७ साली ती यू-८६९ असल्याचे निश्चित झाले. १९९२ सालच्या ऑक्टोबरमध्ये एक अमेरिकन पिता आणि त्याचा तरुण पुत्र तिच्यात उतरले. दोघेही कुशल, गुहेचे शिक्षण घेतलेले होते. खोली सुमारे ७० मीटर होती. हीलियमयुक्त मिश्रण महाग पडत असल्यामुळे त्यांनी त्या दिवशी साधी हवा वापरली. आतील सामान अंगावर कोसळून मुलगा अडकला. वडिलांनी त्याला सोडवले. परंतु वेळ निघून गेला, बाहेर ठेवलेले परतीचे सिलिंडर सापडेनात, आणि दोघे थांबे न घेता सरळ वर आले. दोघांचाही मृत्यू झाला. तो अपघात एका कारणाने घडला नाही. आर्थिक ओढ, गुंगी आणणारी हवा, अंधारी जागा आणि काहीतरी शोधून आणण्याची आस, यांतील प्रत्येक गोष्ट सुटी असती तर कदाचित निभावली असती. त्या एकत्र आल्या.

आणि नियम लिहिणाराही नियमाच्या पलीकडे जाऊ शकतो. शेक एक्सली यांनी १९८९ साली मेक्सिकोतील मान्ते येथे सुमारे २६४ मीटर खोली गाठली होती. ६ एप्रिल १९९४ रोजी ते आणि जिम बाउडेन हे मेक्सिकोतील साकातोन या ३०० मीटरहून खोल जलकुंडात वेगवेगळ्या दोऱ्यांवरून उतरले. सुमारे २८२ मीटरवर आपला वायू अपेक्षेपेक्षा कमी उरल्याचे बाउडेन यांच्या ध्यानात आले. तळ फार दूर नव्हता. तरी ते परत फिरले आणि जगले. एक्सली परत आले नाहीत. काही दिवसांनी दोरी वर ओढली तेव्हा तिला गुंडाळलेल्या अवस्थेत त्यांचा देह मिळाला. मृत्यूचे नेमके कारण निश्चित होऊ शकले नाही. त्यांना धोका माहीत नव्हता असे कोणीच म्हणणार नाही. अपघातांच्या अभ्यासाने त्यांनी असंख्य लोकांचे प्राण वाचवले. पण ज्ञान म्हणजे कवच नव्हे, याचा सर्वांत कठोर पुरावाही त्यांच्याच मृत्यूने दिला.

जबाबदारी कोणाची?

बुडीपूर्वी विद्यार्थ्याकडून धोक्याची जाणीव असल्याचा लेख सही करून घेतला जातो. त्या कागदाने सर्वांची जबाबदारी संपली असे मानणे चूक होय. प्रशिक्षकाने अपात्र विद्यार्थ्यास उत्तीर्ण न करणे, वायू भरणाऱ्याने यंत्र निर्दोष ठेवणे, नौकाचालकाने हवामानाविषयी खरे सांगणे ही त्यांची कर्तव्ये आहेत आणि ती टाळणारे दोषी ठरतात. परंतु सत्तर मीटर पाण्याखाली दोष कोणाचा याचा निवाडा निरुपयोगी असतो. तेथे पोहोचणारा एकच न्याय असतो आणि तो त्याच क्षणी मिळतो. म्हणून इतरांनी आपापले काम केले आहे, असे गृहीत न धरता पाणबुड्याने ते स्वतः तपासावे लागते. व्यक्तिगत जबाबदारीचा हा व्यावहारिक अर्थ आहे.

मात्र ‘माझा जीव, माझा धोका’ हे म्हणणेही अपुरे आहे. दक्षिण आफ्रिकेतील बूस्मान्सगाट या खोल जलगुहेत १९९४ साली एका तरुण पाणबुड्याचा मृत्यू झाला. दहा वर्षांनी डेव्ह शॉ या ऑस्ट्रेलियन वैमानिकास तो देह सुमारे २७० मीटरवर दिसला, आणि मृताच्या आईवडिलांसाठी तो वर आणण्याचे त्यांनी मनावर घेतले. ८ जानेवारी २००५ रोजी त्या खोलीवर काम करताना त्यांचा श्वास वाढला. प्रचंड दाबाखाली दाट झालेला वायू फुप्फुसांतून पुरेसा खेळेना, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचला आणि त्यांची शुद्ध हरपली. त्यांना मदत करण्यासाठी उतरलेले त्यांचे मित्र डॉन शर्ली हेही मरता मरता वाचले. काही दिवसांनी उपकरणे वर ओढताना दोन्ही देह वर आले. एका माणसाच्या बुडीचा परिणाम त्याच्यापाशी थांबत नाही. त्याच्या शोधासाठी कोणीतरी उतरते, आणि घरी कोणीतरी वाट पाहत असते.

याच जाणिवेतून गुहा-पाणबुड्यांत एक संकेत रूढ झाला आहे. कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बुडी थांबवू शकतो. अंगठा वर केला, की चर्चा होत नाही. सर्वजण परत फिरतात, आणि वर आल्यावर त्याला कोणी जाब विचारत नाही. वरवर पाहता हा साधा शिष्टाचार वाटेल. परंतु दूरचा प्रवास, झालेला खर्च, मित्रांचा उत्साह आणि स्वतःचा अभिमान हे सर्व पुढे ढकलत असताना मागे फिरणे फार कठीण असते. हा संकेत ते सोपे करतो. हसे होण्याच्या भीतीने ज्या गटात कोणी अंगठा वर करीत नाही, त्या गटाजवळ कितीही उत्तम साधने असली, तरी तो असुरक्षितच होय.

उतरण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. जवळचा वायू मी स्वतः तपासला आहे काय? साथीदारासह परत येण्यास तो पुरेल काय? शिकलेले कौशल्य आजही हातात आहे काय? मी जात आहे तो स्वतःच्या इच्छेने, की इतरांच्या डोळ्यांत उतरू नये म्हणून? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

मन्नारच्या आखातातील पाणबुड्याचा साथीदार होडीत सावध बसून असे. तो खोल गेलेला नसे, मोहात पडलेला नसे, गुंगीत नसे. म्हणूनच योग्य क्षणी तो दोरी ओढू शके. आजच्या तांत्रिक पाणबुड्यास हे दोघांचेही काम एकट्याने करावे लागते. पुढे जाणारा तोच आणि मागे ओढणाराही तोच. सर्व प्रशिक्षणाचा हेतू या दुसऱ्या माणसाला जागे ठेवणे हाच आहे.